सतरा नंबरची बाबागाडी

बुधवारी सकाळी अकरा वाजता आमच्या थिएटरात आयांचा खेळ असतो. पोरं बाहेर गल्लीत बाबागाड्यांमध्ये झोपतात आणि आया आत बसून सिनेमा बघतात. गारठ्यात पोरं गाढ झोपतात, हे आमच्या डेन्मार्कमधल्या हॅसेलविग गावात कुणाला शिकवावं लागत नाही. बाहेर खुर्ची टाकून ईवार बसतो. चाळीस वर्षं त्याने फेरीबोटीवर तिकिटं फाडली, आता बाबागाड्या राखतो. थिएटर गावकऱ्यांच्या संस्थेचं आहे, सगळे हौसेने राबतात, आणि संस्थेची अध्यक्ष मी आहे. इंगेलीस. वय सहासष्ट, राग कायम नाकावर.

पद्धत अशी की प्रत्येक बाबागाडीला नंबर आणि आईच्या हातात त्याच नंबराचा बिल्ला. पोर रडलं की ईवार वॉकीटॉकीवर नंबर सांगतो, वर प्रोजेक्टरच्या खोलीत मी बटण दाबते आणि पडद्याशेजारच्या पेटीत लाल आकडा पेटतो. ती पेटी कोपऱ्यावरच्या बेकरीची. बेकरी बंद झाली तेव्हा मी तिथून उचलून आणली. पूर्वी तिच्यावर आपला नंबर दिसला की लोक पाव घ्यायला पुढे व्हायचे, आता आया पोर घ्यायला उठतात.

दारावर माझ्या अक्षरात एक पाटी होती: ‘ज्याचं मूल, त्यानेच उचलावं.’ त्याला कारण घडलं होतं. बारा वर्षांपूर्वी दोन सारख्या निळ्या बाबागाड्यांची अदलाबदल झाली. एक बाई दुसरीचं पोर घेऊन घरी गेली, त्याला भरवलंसुद्धा, आणि लंगोट बदलताना मुलीचा मुलगा झालेला बघून अशी किंचाळली की शेजाऱ्याने पोलिसांना बोलावलं. तेव्हापासून नंबर आले आणि ती पाटी आली. मी नियम केला की तो मोडायची कुणाची छाती होत नाही.

माझी मुलगी सिसेल कोपनहेगनला सिनेमे करते. तिचा नवा सिनेमा भयपट होता, नाव ‘आणखी एक दार’. वाळूच्या टेकड्यांमधलं एकटं घर, त्यात एक बाई आणि तिचं चार महिन्यांचं बाळ. नवरा बोटीवर, दोन-दोन आठवडे समुद्रात. बाळ रडतं, झोपलं तरी तिला ते रडताना ऐकू येतं, आणि मधूनमधून सकाळी उठावं तर घरात एक दार जास्त निघतं. मला एवढंच माहीत होतं. “तू नको बघूस, आई,” सिसेल म्हणाली होती. मला रक्त-बिक्त बघवत नाही म्हणून म्हणत असेल, असं समजून मी गप्प बसले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती टोरकिलला घेऊन आली. टोरकिल म्हणजे सिनेमाचा निर्माता. उंच, गुळगुळीत दाढी केलेला, आणि मफलर असा गुंडाळलेला की मान आहे की नाही कळू नये. मी कॉफी ओतत होते आणि दोघं तिकीटखिडकीजवळच्या टेबलाशी भांडत होते.

“भयपटाच्या शेवटी शेजारीण दार उघडते आणि पोर कडेवर घेते,” टोरकिल म्हणत होता. “हा काय शेवट झाला? लोक घाबरायला येतात, सिसेल. बारशाला नाही.”

“मग तुझा शेवट काय?”

“ती शेवटचं दार उघडते. समोर फ्योर्डची खाडी. बाळाला घेऊन पाण्यात चालत जाते. काळोख, संपलं. तीन महोत्सवांनी नाकारलाय आपल्याला, विसरू नकोस.”

“माझी बाई मरणार नाही.”

“का पण?”

“कारण मी मेले नाही,” सिसेल म्हणाली.

मी कप पुसत होते. ते वाक्य मी ऐकलं आणि पुढचा कप घेतला. मला वाटलं, कलावंत मंडळी अशीच बोलतात.

मग सिसेलने टेबलावर हात आपटला. “खऱ्या आयांना दाखवू. इथेच, आईच्या बुधवारच्या खेळात. त्या ठरवतील.”

“डोकं फिरलंय का तुझं?” मी म्हटलं. “रात्रभर जागून दोन तास बसायला येतात बिचाऱ्या. त्यांना भुतं दाखवू?”

पण टोरकिलचे डोळे चमकले. “चालेल. दहापेक्षा जास्त जणी उठून गेल्या तर शेवट माझा.”

“अरे, पोर रडलं की उठतातच त्या,” मी म्हटलं.

“नंबर लागून उठली ती मोजायची नाही. एका नंबराला एक बाई माफ. बाकीच्या पळाल्या असं धरायचं. कबूल?”

“कबूल,” सिसेल म्हणाली. “आणि नाही पळाल्या तर शेवट माझा. परत हा विषय काढायचा नाही.” दोघांनी हात मिळवले, आणि माझ्या थिएटरात काय दाखवायचं ते मला न विचारताच ठरून गेलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी एकोणतीस बाबागाड्या आल्या. पश्चिमेचा वारा होता, म्हणून ईवारने सगळ्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली. माणसं म्हणाल तर सत्तावीस आया आणि दोन बाप. खेळाआधी मी पडद्यापुढे उभी राहून सांगितलं, “आजचा सिनेमा भीतीचा आहे. बाई, बाळ आणि घर, पण भीतीचा. नको असेल तिने आत्ताच उठावं, बाहेर कॉफी आणि दालचिनीचे पाव आहेत.” कुणी उठलं नाही. टोरकिल पहिल्या रांगेत कोपऱ्यात जाऊन बसला, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. आमचं दार जुनं आहे, उघडलं की मिटताना धाडकन वाजतं. धाडकन वाजलं की एक काडी, असा त्याचा हिशोब होता. मागे वळून बघायची गरज नाही म्हणे.

सिसेल माझ्याबरोबर वरच्या खोलीत आली. खाली बसण्याचा तिला धीर नव्हता. स्वेटरची बाही दातात धरून ती काचेशी उभी राहिली.

सिनेमा सुरू झाला. रक्त-बिक्त काही नव्हतं. ती बाई बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होती. सिंकमध्ये बाटल्या, खुर्चीवर न घडी केलेले कपडे, आणि रडणं. ते रडणं थांबतच नव्हतं. मग तिने फोन उचलला आणि तिकडून एका वयस्क बाईचा आवाज आला. गोड, खेळीमेळीचा.

“अगं, सगळ्यांनाच जमतं,” तो आवाज म्हणाला. “तुलाही जमेल.”

खाली आया हसल्या. कुणीतरी कधीतरी प्रत्येकीला हे म्हटलेलं असणार. पडद्यावर सकाळ झाली आणि बाईच्या घरात, जिथे काल भिंत होती तिथे, पांढरं दार होतं.

दुसरा फोन. “माझ्या वेळी कुठे होतं कोण मदतीला?” दुसरं दार. आता खाली कुणी हसलं नाही. दारामागूनही बाळ रडत होतं, कडेवरचं झोपलेलं असताना. माझ्या अंगावर काटा आला आणि मनात मी पोरीला शाबासकी दिली. चांगलं केलंय, कार्टीने चांगलं केलंय.

तिसऱ्या फोनवर ती बाई काहीतरी सांगायला लागली. “आई, मला स्वतःची भीती वाटायला लागलीय,” एवढंच म्हणाली. त्यावर तो गोड आवाज म्हणाला, “बरं, ठेवते हं. बटाट्याचं पाणी उतू जातंय.”

माझ्या हातातून वॉकीटॉकी निसटून टेबलावर पडला.

बटाट्याचं पाणी. चाळीस वर्षं मी फोन तसाच ठेवत आले आहे. बहिणीचा फोन असो, संस्थेच्या खजिनदाराचा असो, बोलणं लांबलं की माझे बटाटे उतू जातात. गावात त्यावरून माझी थट्टा होते. सिनेमात एक भूत होतं आणि ते भूत मी होते. एकोणतीस माणसांपुढे, माझ्याच थिएटरात, माझ्याच प्रोजेक्टरवर.

आधी अंगाची लाहीलाही झाली. जन्म दिलेल्या पोरीने चारचौघांत अशी नावं ठेवावीत? मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती आणि बाहीचा दोरा दातांनी तोडत होती. आणि मला सहा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर आठवला. अल्मा, माझी नात, तेव्हा चार महिन्यांची. सिसेलने एका आठवड्यात तीन वेळा फोन केला होता. “येतेस का थोडे दिवस?” संस्थेची वार्षिक सभा होती, छताच्या दुरुस्तीचं निघालं होतं. मी काय म्हटलं होतं ते आता पडद्यावर शब्दन् शब्द वाजत होतं.

“सतरा,” वॉकीटॉकी खरखरला. “इंगेलीस, सतरा रडतोय.”

मी बटण दाबलं. पडद्याशेजारी लाल सतरा पेटला. पडद्यावरची बाई दारांच्या मधोमध उभी होती, कानांवर हात ठेवून. खाली कुणी उठलं नाही.

मी परत दाबलं. सतरा विझला, पेटला. बायका इकडेतिकडे बघायला लागल्या.

“सतराची आई झोपली की काय?” ईवार म्हणाला. “लालबुंद झालंय पोर. मी घेऊ का?”

“पाटी वाचली नाहीस?”

“मी वाचलीय गं. बाळाला वाचता येत नाही.”

मी टॉर्च घेऊन जिना उतरले. सतरा नंबर सातव्या रांगेत होता, कडेची खुर्ची. मालेना, औषधांच्या दुकानातली. काउंटरवर केस नीट बांधून उभी असते, म्हाताऱ्यांना गोळ्या समजावून सांगते. आज केस मोकळे आणि कोटाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या. बिल्ला तिच्या मुठीत होता.

“मालेना, तुझा नंबर लागलाय,” मी कानाशी म्हटलं.

“हो.”

“बाळ रडतंय बाहेर.”

“माहीत आहे.” ती पडद्याकडेच बघत होती. गाल ओले होते, पण आवाज सरळ. “इंगेलीस, मला उठता येत नाहीये. पाच महिने झाले, तो रडतोय आणि मी उठतेय. आज पाय उचलत नाहीत. आणि उठले तरी... आज त्याला माझ्या हातात नको द्यायला.”

खोटं कशाला बोलू, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. सगळ्यांनाच जमतं. इतकी वर्षं बोलून बोलून गुळगुळीत झालेलं, आपोआप निघणारं. पण त्याच वेळी पडद्यावरच्या भिंतीत आणखी एक दार उमटलं, आणि मी तोंड मिटलं.

“तो बिल्ला दे,” मी म्हटलं.

“पण पाटी...”

“पाटी माझी आहे. दे.”

दार माझ्यामागे धाडकन वाजलं. बाहेर ईवार बाबागाडी हलवत उभा होता. मला बघून त्याचा पाइप तोंडातून पडायचा राहिला. मी मालेनाच्या विल्फ्रेडला उचललं. लोकरीच्या टोपीत रागाने फुललेलं एवढंसं तोंड, मुठी आवळलेल्या. “बास,” मी त्याला म्हटलं, “माझ्याइतका राग तुला जमणार नाही.” तो दचकला, माझ्याकडे बघत राहिला आणि उचक्या देत गप्प झाला. मी त्याला आत आणलं आणि मालेनाच्या शेजारी बसले. “तू सिनेमा बघ,” मी म्हटलं. “हा माझ्याकडे आहे.”

 थोड्या वेळाने तिच्या हाताची मूठ सुटली.

पेटीत चार पेटला. म्हणजे वर बटणाशी आता सिसेल होती. चार नंबरवाली उठायला लागली, तर मागच्या रांगेतली एक ठेंगणी बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बस गं तू. तुझं पोर कसलं आहे, मुलगा ना? मी आणते.” धाडकन. मागोमाग दुसरी उठली, “दोन हात लागतील, त्याची बाटली पण आणायचीय.” धाडकन. मग अकरा लागला आणि तिघी उठल्या. कुठल्या बाबागाडीत कोण आहे हे माहीत नसताना, नंबर बघून, अंधारात. एकमेकींना आयुष्यात ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे न बोललेल्या बायका. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आम्ही आधी दार वाजवतो आणि पायपुसण्यावर उभे राहतो. त्या बायका आज दुसरीची पोरं उचलून आणत होत्या आणि भिंतीशी उभ्या राहून डोलत होत्या. दोन बापांपैकी एक सुतार आहे, दोन मीटर उंच. तो दोन्ही हातांवर दोन पोरं घेऊन आला. त्यातलं एकही त्याचं नव्हतं.

पहिल्या रांगेत टोरकिलची पेन्सिल सारखी हलत होती.

पडद्यावर आता घरात भिंत उरलीच नव्हती, सगळी दारंच. प्रत्येक दारामागून माझा आवाज, गोड, हसरा. मी ऐकत होते आणि माझ्या मांडीवर परकं पोर माझं बोट चोखत होतं. लाज वाटत होती. इतकी की उठून पळावंसं वाटत होतं, पण उठले असते तर विल्फ्रेड रडला असता. मग त्या बाईने बाळाला घट्ट धरलं आणि एकेक दार उघडत सुटली. खोली, खोली, खोली. शेवटी एक दार असं उघडलं की बाहेर नुसती उजाडलेली सकाळ होती आणि वाळूतली पायवाट. ती अनवाणी चालत शेजारणीच्या घरापाशी गेली. दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. परत वाजवलं.

“उघड गं बाई!” अंधारातून कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

दार उघडलं. म्हातारी होती, हात पिठाने भरलेले. बाईने बाळ पुढे केलं. “याला तासभर धरता का?” ती म्हणाली. “मला जमत नाहीये.”

म्हातारीने एप्रनला हात पुसले आणि बाळाला घेतलं. दीड तासात पहिल्यांदा रडणं थांबलं. पडद्यावर थांबलं आणि थिएटरातही कुणाचं पोर रडत नव्हतं. फक्त वाऱ्याचा आवाज आणि बायकांचे श्वास.

“असं म्हणायचं असतं होय?” मालेना पुटपुटली.

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं. “आणि समोरच्याने दार उघडायचं असतं.”

मग टाळ्या सुरू झाल्या. आयांच्या खेळात कुणी टाळ्या वाजवत नाही, पोरं उठतात. आणि बऱ्याच जणींच्या हातात पोरं होती, म्हणून त्या जमिनीवर पाय आपटत होत्या. जुन्या फळ्या, धूळ उडाली, पोरं जागी होऊन टकामका बघायला लागली. मी वर बघितलं. काचेमागे सिसेल उभी होती, दोन्ही तळवे काचेला लावून. ती सिनेमाकडे बघत नव्हती. ती माझ्या मांडीवरच्या पोराकडे बघत होती.

मी तिला खुणेनेच दिवे लावायला सांगितले. टोरकिल उठला, मफलर नीट केला, कागद वर धरला आणि वळायच्या आधीच बोलायला लागला. “सिसेल, मला वाईट वाटतं, पण नंबर लागले नऊ आणि दार वाजलं एकतीस वेळा. करार म्हणजे...”

आणि तो वळला.

थिएटर भरलेलं होतं. कुणीही निघून गेलेलं नव्हतं, उलट माणसं वाढली होती. भिंतीशी, पायऱ्यांवर, मधल्या वाटेत बायका पोरं घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या.

“दार वाजलेलं मोजलंस ते बरं केलंस,” मी म्हटलं. “त्यातल्या परत आत येणाऱ्या किती, ते कोण मोजणार होतं?”

तेवढ्यात ईवार दारातून आत आला. “इंगेलीस, हे काय चाललंय? नऊ गाड्या रिकाम्या! मी राखू काय, चाकं?”

अख्खं थिएटर हसलं.  चार नंबरचं पोर आणणारी ठेंगणी बाई टोरकिलजवळ गेली आणि म्हणाली, “जरा धरा हो याला, टोपी पडलीय कुठेतरी.” त्याने धरलं. आधी फुलदाणी धरावी तसं लांब, मग जरा जवळ. पोराने त्याच्या मफलरावर दूध टाकलं.

“शेवट तुझा,” तो वर काचेकडे बघून म्हणाला. सिसेलला ऐकू गेलं नसणार, म्हणून त्याने तो कागद तिला दिसेल असा चुरगळून खिशात टाकला. माणूस वाईट नाही. फक्त त्याने कधी कुणाचं पोर धरलेलं नव्हतं.

पुढची वीस मिनिटं कुणाचं पोर कुणाकडे आहे ते शोधण्यात गेली. बारा वर्षांपूर्वी एका अदलाबदलीवर पोलीस आले होते. आज नऊ झाल्या आणि कुणी आवाजही चढवला नाही. पाटी मी त्याच दुपारी उतरवली. नंबर मात्र ठेवले, मी काही वेडी नाही. मालेनाच्या नवऱ्याला मी स्वतः फोन करून बोलावलं आणि त्याला जे सुनवायचं ते थोडक्यात सुनवलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर बाळांच्या नर्सकडे गेले, बाहेर विल्फ्रेडला घेऊन बसले, आणि ती तासभर आत बोलत होती. आता ती परत काउंटरवर असते. दर बुधवारी विल्फ्रेडला घेऊन येते आणि मला हमखास दुसऱ्याच कुणाचं तरी पोर धरायला देते. सिनेमा जानेवारीत लागला, आहे त्याच शेवटासकट. टोरकिलने जाहिरातीत छापलं की हॅसेलविगच्या एकोणतीस जणांपैकी एकही पळालं नाही. निर्लज्ज आहे, पण खरं तेच छापलं.

पण त्या बुधवारी दुपारी सगळे गेल्यावर मी आणि सिसेल घरी आलो. मी बटाटे उकडायला ठेवले, हेरिंग माशांची बरणी काढली, राय धान्याचा काळा पाव कापला. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, लहानपणी बसायची त्याच खुर्चीवर. 

“तू ओळखलंस,” ती म्हणाली.

“बटाट्यांवरून.”

ती हसली, मग तिचं हसू गेलं. “मला वाटलं, तू बघितलंस तर माझ्याशी बोलणं टाकशील. म्हणून म्हटलं होतं नको बघूस.”

“राग आला मला,” मी म्हटलं. “आधी तुझा आला. भयंकर आला. मग जिना उतरताना माझा आला, तो अजून गेला नाही.” मी तिच्या समोर बसले.  “सिसेल, मी यायला हवं होतं. तू तीन वेळा बोलावलंस आणि मी आले नाही. मी चुकले.”

 ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.

“मला त्या नोव्हेंबरात काय झालं ते सांग,” मी म्हटलं. “सिनेमातलं नको. तुझं सांग.”

“आता?”

“आता.”

 “तिसऱ्या फोननंतर मी अल्माला पाळण्यात ठेवलं,” ती म्हणाली. “ती रडत होती. मी घराबाहेर आले, दार बाहेरून ओढून घेतलं आणि जिन्यात बसले. कोट पण नव्हता अंगावर. मला वाटत होतं, परत आत गेले तर...”

मागे शेगडीवर झाकण थडथडायला लागलं. मग पाणी काठावरून सांडलं आणि तापलेल्या लोखंडावर चर्र झालं. स्वयंपाकघरात वाफ भरली.

सिसेल थांबली. “आई, बटाट्याचं पाणी उतू जातंय.”

“जाऊ दे,” मी म्हटलं. “जिन्यात बसलीस. मग?”